हसण्याची रेघ

"हस," कवळीवाला म्हणाला.

समोरच्या खुर्चीत त्याची बायकोच बसली होती. तोंडात मेणाची पट्टी, मांडीवर पिशवी. तिने ओठ जरासे ताणले आणि सोडून दिले.

"अगं, नीट हस. हसल्यावर वरचा ओठ कुठवर जातो, ती रेघ मेणावर मारायची असते. त्या मापाने दात लावतात."

तिने पुन्हा ओठ ताणले, दाढ ठणकत असल्यासारखे. ठणकायला खरं तर एकही दाढ उरली नव्हती. एकेक करत सगळे दात गेले होते. वरचे दोन, जरा पुढे आलेले, तेवढे शेवटपर्यंत टिकले होते. मग तेही डॉक्टरांनी काढले.

कवळीवाल्याने सुरी खाली ठेवली. दिवस कलला होता, पाठ भरून आली होती. अर्ध्या गावाची तोंडं त्याने सजवली होती, पण घरच्या बाईला शेवटचं हसताना कधी पाहिलं ते त्याला आठवेना. लग्न झालं तेव्हा हसायची. मग कुठे माशी शिंकली कोण जाणे. सुरुवातीला तो रोज दुकानातला एखादा किस्सा घरी न्यायचा. किस्सा अगदी रंगात आला की ही नेमकी उठायची, तोंडाशी हात धरून स्वयंपाकघरात जायची आणि नळ सोडायची. बोलणारा बसला भिंतीशी बोलत. पालथ्या घड्यावर किती दिवस पाणी ओतणार? शेवटी त्याने किस्से दुकानातच ठेवले. घरी यायचं, जेवायचं, बातम्या बघायच्या. त्यांची लेक म्हणायची, आपल्या घरात भांडीसुद्धा हळू पडतात.

पण सांगून आणलेलं हसू मापाला चालत नाही. ओठ अर्ध्यातच थांबतो. मग पुढे कधी माणूस मनापासून हसला की कवळीची नकली हिरडी उघडी पडते आणि लोक कवळीवाल्याला नावं ठेवतात. म्हणून गिऱ्हाइकांसाठी त्याच्याकडे एक ठेवणीतला किस्सा होता. कर्जवसुलीवाल्या साहेबालासुद्धा त्याने हसवलं होतं. बायकोला मात्र तो कधीच सांगितला नव्हता. आता या वयात सांगायचा म्हणजे त्याला चोरट्यासारखं वाटलं. पण इलाज नव्हता.

"एक आजोबा आले होते," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "म्हणाले, कवळी झकास बसलीय, शेंगदाणेसुद्धा फुटतात. फक्त बायको सकाळपासून एक शब्द बोलत नाही. मी विचारलं, का हो? तर म्हणाले, बोलेल कशी? कवळी तिचीच आहे ना!"

बायको उठली. तोंडाशी हात धरून कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली आणि तिने नळ सोडला.

झालं! कवळीवाल्याने सुस्कारा टाकला. रेघ आता अंदाजानेच मारावी म्हणून त्याने सुरी उचलली आणि सहज वर पाहिलं. बेसिनवर आरसा होता. नवे दात बघायला गिऱ्हाइकं तिथेच उभी राहायची. आरशात बायको दिसत होती. डोळे मिटलेले, खांदे गदगदा हलत होते, गाल ओले झाले होते. ती पोट धरधरून हसत होती.

"तू हसतेयस?"

तिने दचकून नळ बंद केला. पट्टी तोंडातून काढली.

"आवरलंच नाही हो."

"मग तोंड कशाला झाकतेस?"

"तुम्हीच नाही का म्हणालात?" बोळक्या तोंडाने ती सावकाश बोलत होती. "लग्नाला आठवडा झाला असेल. तुमच्या कुठल्याशा किश्शाला मी खो खो हसले, तर म्हणालात, अगं बाई, दात झाक, दिवसभर तेच बघून येतो."

त्याला काही आठवेना. पण वाक्य त्याचंच होतं, शंकाच नको. असं तो कुणालाही म्हणाला असता, आणि पुढच्या क्षणी विसरलाही असता.

"अगं, गंमत केली असेल मी."

"असेल," ती म्हणाली. "माझे दात आधीच पुढे. मला वाटलं, तुम्हाला किळस येते. म्हणून मी आत जाऊन हसायची. ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडायची." तिने पट्टी पदराने पुसली आणि त्याच्या हातात दिली. "दिवसभर वाट बघायची मी, आज काय सांगताय त्याची."

तिला आणखी काही विचारायचं होतं. बऱ्याच वर्षांपासून विचारायचं राहिलं होतं.

"मग एक दिवस तुम्ही सांगणंच सोडून दिलंत. माझं काय चुकलं होतं हो?"