खालची पट्टी

गिटारच्या काल नेलेल्या जाड तारा काकांनी दुकानाच्या काउंटरवर ठेवल्या. "या परत घ्या. सगळ्यांत बारीक असतील त्या द्या."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "काका, कालच समजावलं ना? सूर एवढा खाली उतरवायचा तर तार जाडच लागते. बारीक तार उतरवली की सैल पडते."

"किती सैल?"

"लहान मुलानं नुसतं बोट टेकवलं तरी दबेल इतकी. मग ती वाजत नाही, खरखरते."

"हां, तीच द्या."

दुकानदार हसला. "वय झालं की आवाज खाली येतोच हो, त्यात लाजायचं काय? पण साथ तरी नीट घ्या. तुम्ही प्रार्थनेत गाता, तिथं बसलेले लोक काय म्हणतील?"

"माझा गळा ठणठणीत आहे," काका म्हणाले. "वाजवते आमची ही. आजारपणानंतर तिच्या बोटांत जोर राहिला नाही. काल तार दबेना, तर म्हणाली, गिटार देऊन टाका कुणाला तरी."

त्यांनी बारीक तारांचं पाकीट खिशात ठेवलं.

"तिच्या बोटाखाली तार दबू दे. खालच्या पट्टीत मी गाईन."