उभे गज

घरामागच्या स्विमिंग पूलभोवती आजीला नक्षीदार जाळी हवी होती. सुनेने मात्र उभे गज आणि आपोआप बंद होणारं फाटक बसवून घेतलं. "जाळीत पाय अडकवून तुमची नात चढेल, आई," तिचं म्हणणं. "घराचा तुरुंग केलास," म्हणत आजी तोंड फुगवून बसली. आज दुपारी नातीला झोपवताना आजीचाच डोळा लागला. जाग आली तेव्हा शेजारी नुसती उशी होती. ती अनवाणीच बाहेर धावली. पाण्यावर इवलीशी चप्पल तरंगत होती. तेवढ्यात फाटकाच्या अलीकडून भोकाड ऐकू आलं. नात गज हलवत उभी होती. रागाने भिरकावलेली चप्पल तेवढी पलीकडे पोचली होती. सून धावत येऊन लेकीला गप्प करू लागली. गज धरून आजी मटकन बसली. "रडू दे गं तिला. ऐकू दे मला."