भानुमतीबेनचा पासवर्ड

२०२२ च्या उन्हाळ्यात राजकोटच्या जसुमतीबेनच्या टीव्हीवर मालिका सारखी अडकायची. जावई निमेषकुमार फाफडा चावत म्हणाले, “बा, टीव्हीला लावलेल्या या इंटरनेटच्या स्टिकमध्ये नुसता फायलींचा कचरा साठलाय. पुसला की बघा कशी पळते!”

जावयाला नाही कोण म्हणणार? त्यांनी सगळंच पुसलं, आणि टीव्ही पासवर्ड मागत बसला.

पासवर्ड शेजारच्या भानुमतीबेनचा, भांडणाआधी त्यांच्या नातवाने टाकून दिलेला. गच्चीवर पापड वाळवण्यावरून तीन वर्षं अबोला होता. जसुमतीबेन त्यांना गल्लीभर कंजूस म्हणत आणि रोज दुपारी त्यांच्याच खात्यावर मालिका बघत. त्या दिवशी नेमका शेवटचा भाग होता. नाइलाजाने सुखडीच्या गोड वड्यांचं ताट घेऊन त्यांनी शेजारचं दार वाजवलं.

“भानुबेन, तुम्हाला ठाऊक नसेल, पण तुमचं खातं आमच्याकडे...”

“ठाऊक आहे. तुम्ही काय बघता ते रोज दिसतं मला. तुम्हाला काढायला दोन बटणं दाबावी लागली असती. तुमच्यासाठी एवढे कष्ट कोण घेणार?”

पासवर्ड त्यांनी दिला. सुखडी दारातल्या गाईला घातली. निमेषकुमार आता सासरी रिमोटला हात लावत नाहीत.

जसुमतीबेन अजून त्याच खात्यावर मालिका बघतात, आणि गल्लीभर भानुमतीबेनना कंजूसच म्हणतात.