उशीची खोळ

जर्मन धड्यातल्या म्हातारीने मुलाला स्टेशनवर सोडलं, घरी आली आणि थेट झाडू हातात घेतला.

लातूरच्या जर्मन भाषेच्या वर्गात एकदम गलका झाला. वर्गातल्या साऱ्याजणी नर्स. महिन्याभरात जर्मनीच्या दवाखान्यांत कामाला निघायच्या होत्या.

"आई हाय का वैरीण?" ऋतुजा म्हणाली. "पोरगं पोचलं बी न्हाई अन् ही घर झाडून राहिली! आमच्याकडं पोचल्याचा फोन येईस्तोवर झाडूला कुणी हात लावत न्हाई."

"तिकडची माणसं थंडच असतेत, मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं.

पुनम पुढच्या ओळी वाचत होती. तिचं विमान सोमवारी होतं. तिची दोन वर्षांची लेक शिवांगी लोह्याला आजीपाशी राहणार होती.

शिकवणाऱ्या अंबिका मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "ती कशी आहे ते नंतर. तिने काय काय धुतलं, ते आधी वाचून सांगा."

"चादर. पडदे. त्याचा टॉवेल. कॉफीचा कप," एकेकजण सांगू लागली.

"आणि काय राहिलं?"

पानं उलटली. पुनम ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. म्हातारीने धुवायला बसण्याआधी मुलाची उशी कपाटात ठेवली होती. संध्याकाळी वाळलेली चादर अंथरली आणि उशी काढून तशीच जागेवर ठेवली.

"उशीची खोळ," पुनम म्हणाली. "ती धुतली न्हाई."

"का?"

पुनमला जर्मन शब्द सापडेना. शेवटी मराठीतच म्हणाली, "वास जाईल ना, मॅडम."

 ऋतुजाने पुस्तकातल्या म्हातारीच्या चित्राकडे पाहिलं. "मग आधीच सांगायचं की, बये," ती पुटपुटली.

वर्ग सुटला. जिन्यातच पुनमला लोह्याहून आईचा फोन आला.

"पुने, तुझे कपडे भिजवून राहिले बघ. पोरीचेबी संगट टाकते."

"आई, थांब. शिवूचा पिवळा फ्रॉक टाकू नको."

"अगं, दूध सांडलंय त्याच्यावर. तेलाचे डाग हायेत."

"टाकलास का पाण्यात?"

पलीकडे नळ बंद झाला. "न्हाई. हातात हाय."

"तसाच घडी कर. माझ्या बॅगेत ठेव."

 आईने विचारलं, "प्लास्टिकच्या पिशवीत बांधू का?"

"हाव," पुनम म्हणाली. "गच्च बांध."