बत्तीस अक्षरांची जागा

"आई, ही सिंधु रामकिशन म्हणजे तूच का?"

करिश्मानं मोबाईल पुढं धरला. घरी विचारून दाखवच, अशी वर्गातल्या रूपाली-तनुजानं पैज लावली होती. कॉम्प्युटरच्या सरांनी आज वर्गात एक जुना कोड दाखवला होता. जगभरातल्या लाखो मशिनींचं वायफाय त्याच्यावर चालतं, आणि त्यात आता चूक सापडलेली. वर लिहिणारीचं नाव, साल दोन हजार सात. नाव आईचं, पुढं आजोबांचं. ही माझी आई हाय, असं करिश्मा भर वर्गात बोलून बसली आणि सगळा वर्ग हसला.

आईनं पिठाचे हात पदराला पुसले. स्क्रीन वर सरकवली, खाली सरकवली, एका ओळीवर थांबली.

"हैदराबाद," ती म्हणाली.

तिथल्या ऑफिसात चौघीजणी एका टेबलावर. शेंगदाण्याच्या चटणीवरून रोज भांडण. हे ती करिश्माला नाही, त्या ओळीलाच सांगत होती. मग चूक सांगितली. वायफायच्या नावाला बत्तीस अक्षरांची जागा ठेवलेली, पण आलेलं नाव मोजायचं राहिलं. कुणी मुद्दाम लांब नाव पाठवलं की जास्तीची अक्षरं शेजारच्या मेमरीवर सांडतात आणि मशीन परक्याच्या हातात जातं.

"मोजायची ओळ सोमवारी लिहिणार होते. सोमवारी मी इथं भोकरात, सासरी होते."

दारात पप्पा उभे होते. "तुला न्यायला मी ऑफिसखाली थांबलो होतो," ते हळूच म्हणाले. "नांदेडची गाडी चुकंल म्हणून तीनदा हाक मारली."



करिश्मानं सरांचं उरलेलं सांगून टाकलं. तो कोड सांभाळणारे लोक लिहिणारीला शोधून राहिलेत, पण तिच्या जुन्या पत्त्यावरचा ईमेल परत येतो. आठ दिवसांत ती मिळाली नाही तर तो सगळा भागच काढून टाकणार. नावासकट.

आता मला काय येतंय, अठरा वर्षं झाली, असं म्हणत आई परातीकडं वळली. पण पीठ तसंच राहिलं. तिची बोटं परातीच्या काठावर भराभर टाइप करत होती.

करिश्मानं परात आपल्याकडं ओढली.

"आजपासून आठ दिवस भाकरी मी आन् पप्पा करणार," तिनं दोघांनाही सांगितलं. "आई, माझा लॅपटॉप उघडाच हाय, तू बस. भाकऱ्या गोल येणार न्हाईत, आत्ताच सांगते."