कडुनिंबापाशी दार

रजिस्ट्री उरकून कुमुदताई बिल्डरला प्लॉटच्या हद्दीचे दगड दाखवायला आल्या. कडुनिंबापाशी पोचताच त्यांनी सवयीनं चपला काढल्या.

“अहो मावशी, काटे आहेत!” बिल्डर म्हणाला.

“दार आहे इथं आमचं,” त्या बोलून गेल्या.

घर बांधायचं राहूनच गेलं होतं. पण चोवीस वर्षं दर रविवारी नवरा-बायको डबा घेऊन यायचे, दाराच्या जागी चपला काढायचे, स्वयंपाकघराच्या जागी बसून जेवायचे. यंदा यजमान गेले आणि ते घर त्यांना एकटीला पेलेना.

बिल्डर ओशाळला. खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला.

“राहू द्या. आता नुसता प्लॉट आहे हा.”

त्यांनी चपला पायांत सरकवल्या आणि पलीकडचा दगड दाखवायला स्वयंपाकघर तुडवत निघाल्या.