माझ्याविषयी

ताईनं पडद्यावरचं पान शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि डोळे पुसले. "अगदी माझ्या मनातलं लिहिलंस गं," ती म्हणाली.

दातांचे डॉक्टर, फरशीवाले, गाड्यांचे शोरूमवाले, अशांच्या वेबसाइटचा मजकूर लिहिण्यात धाकट्या बहिणीची दहा वर्षं गेली होती. आता ताई कोचिंग सुरू करत होती. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, त्याचं करणाऱ्यांना फोनवरून धीर द्यायचा, दिशा द्यायची. त्यासाठी मजकूर हवा होता, आणि घरचीच लिहिणारी असताना बाहेर कशाला जायचं?

'माझ्याविषयी' या पानासाठी ताईनं स्वतः एकच ओळ लिहून पाठवली होती. 'मी सात वर्षं आईची सेवा केली.' त्या सात वर्षांत ताई चारदा आली होती. दर वेळी फळांची पिशवी टेबलावर ठेवायची आणि खुर्चीच्या कडेवर टेकायची, निघायच्या बेतानंच. तरी धाकटीनं भांडण काढलं नाही. तिनं फक्त धंद्यातली गोष्ट सांगितली. सेवा केली असं नुसतं वाचून कोणी फोन करत नाही, बारीकसारीक लागतं. पाठीला जखम होऊ नये म्हणून काय केलंस, पाणी कसं पाजायचीस, ते सांग. ताई हसून म्हणाली होती, तूच घाल काहीतरी, तुला सगळं ठाऊक आहे.

मग धाकटीनं घातलं. सगळं खरं घातलं. दोन गुडघ्यांमधली उशी, हनुवटी खाली करून चमच्याचमच्यानं पाजलेलं पाणी, दर दोन तासांनी एकटीनं बदललेली कूस. नाव आणि फोटो मात्र ताईचा. ताईला तळाशी फॉर्म हवा होता, दोन दिवसांत उत्तर देऊ असा. धाकटीनं तिला पटवलं, की अडलेला माणूस फॉर्म भरत बसत नाही. नंबर वरच हवा, ठळक, आणि त्याखाली एक वाक्य: 'अडलात तर आत्ता फोन करा, मी स्वतः उचलते.' ते वाक्य तिनं सुरीला धार लावावी तसं घासून घासून लिहिलं होतं.

सकाळी दहाला साइट सुरू झाली. अकरा वाजायच्या आत फोन वाजला. बहिणीलाही ऐकू यावं म्हणून ताईनं कौतुकानं स्पीकर लावला.

बाईचा आवाज होता, धाप लागलेला. तिनं पान वाचलं होतं, वाचून आईला कुशीवर वळवायला घेतलं होतं, आणि मध्येच म्हातारीचा हात अंगाखाली अडकला होता. मागून कण्हणं ऐकू येत होतं. घरात दुसरं कोणी नव्हतं.

ताईनं आवाज मऊ केला. "आधी डोळे मिटा. एक दीर्घ श्वास घ्या."

"श्वास राहू द्या हो," बाई म्हणाली. "हात कुठे घालू ते सांगा."

ताईनं म्यूटचं बटण दाबलं आणि फोन धाकटीपुढे सरकवला. "सांग ना पटकन."

धाकटीचे हात केव्हाच टेबलावरून उचलले गेले होते, एक खांद्यामागे घालावा तसा, दुसरा कमरेमागे. तिनं ते ओढून घेतले आणि मांड्यांखाली दाबून धरले.

"मी कोण, ते आधी तिला सांग."

"अगं, ही काय वेळ आहे?"

"हीच."

कण्हणं वाढलं. धाकटी जागची हलली नाही. शेवटी ताईनं पुन्हा बटण दाबलं. तिनं सांगितलं, की मला यातलं काही येत नाही, आईचं सगळं माझ्या धाकट्या बहिणीनं केलं, मी नुसतं नाव लावलं.

"कोणी का असेना," बाई म्हणाली. "लवकर सांगा."

जे ऐकण्यासाठी धाकटीनं महिनाभर डूख धरला होता, ते असं वाऱ्यावर गेलं. तिनं फोन ओढून घेतला. आईला आधी परत पाठीवर येऊ द्या, म्हणाली. अडकलेला हात सोडवा, अंगापासून लांब उशीजवळ ठेवा. तुमच्यापासून पलीकडचा गुडघा दुमडा. आता एक हात त्या बाजूच्या खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि सावकाश स्वतःकडे घ्या.

जरा वेळानं कण्हणं थांबलं. बाईचा श्वासही खाली बसला. आता घाई नसल्यासारखी ती बोलू लागली. कूस बदलली की आई रोज काहीतरी पुटपुटते, म्हणाली, कान लावला तरी समजत नाही.

"तुमची आई काय म्हणायची हो?"

धाकटीनं मान वर केली आणि ताईकडे पाहिलं.

"थोरली आली का, विचारायची," ती म्हणाली. "दर दोन तासांनी."